लघवीची तक्रार आणि प्रोस्टेट : आधी वही, मग सोनोग्राफी, मग पीएसए

पन्नाशी उलटलेल्या पुरुषाची लघवीची तक्रार आपल्याकडे बहुतेक घरांत एकाच वाटेने जाते. वर्ष-दोन वर्षं कुणाला सांगायचं नाही, ‘वय झालं, होणारच’ म्हणायचं. मग हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये पीएसए (प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, रक्तचाचणी) वाढलेला निघतो किंवा पोटाच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड २ प्रोस्टेटोमेगाली’, म्हणजे प्रोस्टेट वाढलेली, असे शब्द दिसतात आणि घर हादरतं. तोवर शेजारच्या काकांना लागू पडलेली गोळी मेडिकलमधून आणून सुरूही झालेली असते.

यातली प्रत्येक तपासणी आणि औषध आपापल्या जागी ठीक आहे, घोळ फक्त क्रमाचा आहे. चुकीच्या वेळी केलेली तपासणी चुकीचा आकडा देते आणि त्या आकड्यावर पुढची औषधं ठरतात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

सुरुवातीआधी : यांपैकी काही असेल तर पुढचं वाचू नका, आधी दवाखाना गाठा

- लघवी पूर्ण तुंबली आहे, ओटीपोट फुगून दुखतंय. त्याच तासाला रुग्णालयात जा. तिथे नळी घालून मूत्राशय रिकामं करतात. ‘पाणी प्यायल्यावर सुटेल’ म्हणून तांब्याभर पाणी किंवा जवाचं पाणी पाजू नका. वाट बंद असताना वरून भर घातली तर त्रास फक्त वाढतो.
- लघवीत रक्त दिसलं, मग ते एकदाच असो आणि न दुखता असो. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली तरी तपासणी टाळू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर मुळीच नको, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण अनेकदा अशीच असते.
- थंडी वाजून ताप आणि सोबत लघवीला जळजळ.
- म्हातारपणी नव्याने अंथरुणात लघवी होऊ लागली. घरचे याला विसराळूपणा समजतात. पुष्कळदा मूत्राशय काठोकाठ भरून वाहत असतं. दुखत नाही म्हणून कळत नाही आणि दरम्यान किडनीवर ताण येत राहतो.
- पाठ-कंबर दुखते आणि पायांतली ताकद कमी झाली आहे.

## टप्पा १ : तीन दिवसांची वही

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. ‘रात्री चारदा उठावं लागतं’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना काहीच कळत नाही. चारदा उठून प्रत्येक वेळी ५० मिली झाली की ३०० मिली, यावर उपचार पूर्ण बदलतो.

तयारी : मापाच्या खुणा असलेला ५०० मिलीचा प्लास्टिकचा मग, एक वही आणि संडासात अडकवलेलं पेन. मग वेगळा ठेवा आणि त्यावर मार्करने खूण करा, म्हणजे घरात गैरसमज होणार नाही.

काय लिहायचं : वेळ, किती मिली झाली, घाई होती का, थेंब गळाले का. पलीकडच्या रकान्यात काय प्यालात आणि किती. चहा, ताक, आमटी, संध्याकाळचं पेय, सगळं लिहा. झोपायला कधी गेलात आणि सकाळी कायमचे कधी उठलात, या दोन वेळा विसरू नका. दिवस सलग तीनच हवेत असं नाही, पण त्यांत एक घरचा आणि एक बाहेरच्या धावपळीचा असू द्या.

हिशेब असा करा. झोपायच्या आधीची शेवटची लघवी दिवसात धरा. रात्री उठून केलेली सगळी आणि सकाळी उठल्यावरची पहिली मिळून ‘रात्रीची’ धरा. समजा २४ तासांत एकूण १८०० मिली झाली आणि त्यातली रात्रीची ८०० मिली, म्हणजे सुमारे ४४ टक्के. पासष्टीच्या पुढे रात्रीचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर शरीर रात्रीच जास्त लघवी तयार करतंय. अशा वेळी प्रोस्टेटची गोळी वर्षभर खाल्ली तरी उठणं फारसं कमी होत नाही. कारण दुसरीकडे शोधावं लागतं : संध्याकाळी उशिराचं पिणं, दिवसभरात पायांवर चढलेली सूज, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास, आणि झोपेत श्वास अडकून मोठ्याने घोरणं. या शेवटच्याकडे लक्ष द्यावं, ते सर्वांत जास्त सुटतं.

दुसरा हिशेब एकूण आकड्याचा. वजनाच्या दर किलोमागे ४० मिलीहून जास्त लघवी २४ तासांत होत असेल, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला २६०० मिलीच्या वर, तर एक तर पाणीच जास्त पितोय किंवा साखर तपासायला हवी.

तिसरं असं की दर वेळी १००-१५० मिलीच होते आणि तीही घाईने. इथे मूत्राशय चिडचिडं झालंय, किंवा ते पूर्ण रिकामं होत नाहीय. दोन्हींतलं नेमकं काय, ते टप्पा ४ मध्ये कळेल.

> चूक : वही ठेवायच्या दिवसांत मुद्दाम पाणी कमी पिणं. परीक्षा असल्यासारखं वागू नका, रोजचंच वागा.

## टप्पा २ : सात प्रश्नांचे गुण

जगभर मूत्ररोगतज्ज्ञ आयपीएसएस नावाची सात प्रश्नांची गुणपत्रिका वापरतात. घरी बसून भरता येते. गेल्या महिन्याभराचा विचार करून प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण द्या. कधीच नाही तर ०, पाचातून एकदाहून कमी तर १, निम्म्याहून कमी वेळा २, साधारण निम्म्या वेळा ३, निम्म्याहून जास्त वेळा ४, जवळजवळ दर वेळी ५.

१. लघवी झाल्यावरही पूर्ण झाली नाही असं वाटतं का?
२. जाऊन आल्यावर दोन तासांच्या आत परत जावं लागतं का?
३. धार मध्येच थांबून पुन्हा सुरू होते का?
४. घाई आली की थोपवणं अवघड जातं का?
५. धार बारीक झाली आहे का?
६. सुरू व्हायला जोर लावावा लागतो का?
७. झोपल्यापासून सकाळपर्यंत किती वेळा उठता? (जितक्या वेळा तितके गुण, पाच किंवा जास्त असेल तर ५)

बेरीज ७ पर्यंत असेल तर तक्रार सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. आणि शेवटी एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारा : उरलेलं आयुष्य असंच गेलं तर कसं वाटेल? हा प्रश्न अधिकृत गुणपत्रिकेतही आहे आणि उपचार करायचे की नाही हे ठरवताना त्याला बेरजेइतकंच वजन असतं. १५ गुण असूनही निवांत असलेला माणूस आणि ९ गुणांवर एसटीचा प्रवास सोडून दिलेला माणूस, यांचे उपचार सारखे नसतात.

> पडताळा : तारीख टाकून कागद जपून ठेवा. औषधाचा फरक पुढे याच कागदाशी ताडून कळणार आहे. ‘जरा बरं वाटतंय’ हे माप नव्हे.

## टप्पा ३ : औषधांची पिशवी रिकामी करा

घरातली सगळी पाकिटं टेबलावर मांडा आणि नावं लिहा. रक्तदाब-मधुमेहाची तर आहेतच, पण सर्दीची, झोपेची, ‘कधीतरी लागतात’ म्हणून ठेवलेली आणि वैद्यांचे काढेसुद्धा.

सर्वांत घातक निघते ती साधी सर्दीची गोळी. आपल्याकडच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिलं मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळतं, दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अशा दोन गोळ्यांनी रात्रीत तुंबू शकते. सर्दी झाली तर मेडिकलवाल्याला ‘प्रोस्टेट आहे’ हे आधी सांगा. अमिट्रिप्टिलिनसारख्या, नसांच्या दुखण्यावर किंवा झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्याही याच यादीत येतात.

लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी रात्री घेत असाल, किंवा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गटातलं औषध चालू असेल, तर वहीतले आकडे त्यानेही फुगतात. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींचे पाय सुजतात, आणि आडवं झाल्यावर ती सूज लघवीवाटे निघते.

> सावधान : यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. यादी डॉक्टरांपुढे ठेवा. अनेकदा फक्त वेळ बदलली तरी काम होतं.

## टप्पा ४ : तपासण्या, आणि त्या नीट करून घेणं

लघवीची तपासणी सर्वांत आधी. पहिली धार सोडून मधली निर्जंतुक डबीत घ्या. संसर्गाची शंका असेल तर कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधीच द्यावा. गोळी आधी आणि कल्चर नंतर केलं तर रिपोर्ट अनेकदा कोरा येतो आणि जंतू कोणता हे कळत नाही. सोबत रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी).

बोटाने तपासणी. गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपतात. अर्धा-एक मिनिट लागतं. लाजेपोटी ‘सोनोग्राफी केलीय ना’ म्हणून नाकारू नका. कडक गाठ बोटाला लागते, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ती सहसा कळत नाही.

सोनोग्राफी. इथे चुका इतक्या होतात की थोडं सावकाश सांगतो.

सेंटरवाले लिटरभर पाणी पिऊन बसायला सांगतात, नंबर लागायला दोन तास जातात. मूत्राशय फुटेल इतकं ताणलेलं असतं, मग तपासणी होते आणि ‘लघवी करून या’ म्हणतात. अति ताणलेलं मूत्राशय नीट आकुंचन पावत नाही. बाहेर रांग, दाराला कडी नाही, धाडकन जाऊन यायचं. साहजिकच आत लघवी उरते आणि रिपोर्टमध्ये ‘शिल्लक १६० मिली’ छापून येतं. घरी तेवढी कधीच उरत नसते.

म्हणून पाणी बेताने प्या. नेहमीसारखी लघवी लागली, की लगेच ‘मला लागली आहे’ असं काउंटरवर सांगा. शिल्लक जास्त निघाली तर दहा मिनिटांनी निवांतपणे पुन्हा जाऊन या आणि परत मोजायला सांगा. हे मागणं रास्त आहे, संकोच नको.

रिपोर्ट हातात आल्यावर या गोष्टी आहेत का बघा : प्रोस्टेटचा आकार घनसेंटिमीटरमध्ये किंवा ग्रॅममध्ये, लघवीआधी मूत्राशयात किती होती, नंतर किती उरली, मूत्राशयाची भिंत जाड झाली आहे का, दोन्ही किडन्यांना सूज आहे का. नंतरची शिल्लक लिहिलेलीच नसेल तर अर्धी माहिती गेली.

आता ग्रेडबद्दल. तरुणपणी प्रोस्टेट साधारण अक्रोडाएवढी, २० ग्रॅमच्या आसपास असते आणि वयाप्रमाणे बहुतेकांची वाढते. पण आकार आणि त्रास यांचं गणित जुळत नाही. ७० ग्रॅमची असून झकास धार असलेले लोक आहेत आणि ३० ग्रॅमची असून नळी घालायची वेळ आलेलेही आहेत. वाढ बाहेरच्या बाजूला झाली की आत मूत्रमार्गावर, यावर बरंच अवलंबून आहे. ‘ग्रेड २’ वाचून ऑपरेशनची तारीख मागणं आणि ‘ग्रेड १ च आहे’ म्हणून त्रास अंगावर काढणं, दोन्ही चूक.

धारेची चाचणी. मशीनमध्ये लघवी करायची, ते वेग मोजतं. निदान १५० मिली तरी व्हायला हवी, त्याखालच्या आलेखाला अर्थ नाही. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर बहुधा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शंका येते. शंकाच म्हणतोय, कारण मधुमेहाने मूत्राशय दुबळं झालं असेल तरी धार अशीच मंदावते.

## टप्पा ५ : पीएसए, आणि तो कधी करू नये

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं प्रथिन आहे, कर्करोगाचा शिक्का नव्हे. साधी वाढ, संसर्ग, तुंबलेली लघवी, नुकतीच घातलेली नळी, सगळ्यांनी तो वाढतो. रूढ मर्यादा दर मिलीला ४ नॅनोग्रॅम मानतात. तिच्या खाली कर्करोग नसतोच असं नाही आणि वर असतोच असंही नाही.

रक्त देण्याआधी हे बघा :

- लघवीचा संसर्ग झाला होता का? बरं झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबा. नळी घातली असेल, बायोप्सी किंवा दुर्बिणीची तपासणी झाली असेल, तरी किती थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.
- आधीचे दोन दिवस वीर्यपतन आणि लांबची सायकल टाळा.
- फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर चालू असेल, तर पीएसए जवळपास निम्मा दिसतो. ३ आला म्हणजे मूळ साधारण ६ समजायचा. टक्कल पडू नये म्हणून घेतलेलं फिनास्टेराइडही यात आलं, आणि ते सांगायला हमखास विसरलं जातं.

तक्रार नसताना निव्वळ चाळणी म्हणून करायचा असेल, तर पन्नाशीपासून पुढे डॉक्टरांशी बोलून ठरवा. वडील किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल तर पंचेचाळिशीपासून. सत्तरीच्या पुढे तक्रार नसलेल्या माणसाचा दर वर्षी पॅकेजमध्ये आहे म्हणून पीएसए करत राहण्याने बहुतेकदा फायद्यापेक्षा धास्तीच जास्त पदरात पडते.

> पडताळा : एकदा वाढलेला आला तर थेट बायोप्सीकडे धावू नका. काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा करा. तरीही वाढलेलाच असेल तर आता बायोप्सीआधी बहुधा एमआरआय करतात. संसर्गाचा पुरावा नसताना ‘आकडा खाली येतो का बघू’ म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ नका.

## टप्पा ६ : सहा आठवडे सवयींचे

गुण सौम्य असतील, शिल्लक थोडी असेल, तर गोळीआधी हे करून बघा. गोळी सुरू झाली तरी हे चालूच ठेवायचं आहे.

पाणी तोडू नका, हलवा. दिवसभरात दीड ते दोन लिटर, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. पण त्याचा मोठा भाग दुपारपर्यंत संपवा. झोपण्याआधी दोन-तीन तास पिणं आवरतं घ्या. संध्याकाळचा दुसरा चहा आणि रात्रीची दारू यांनी घाई वाढते. पाणीच कमी करणाऱ्यांना लघवी दाट होऊन उन्हाळी लागते, आणि मग जळजळीने फेऱ्या उलट वाढतात.

पाय वर. घोट्यांना सूज येत असेल तर चार-पाच वाजता तासभर पाय उशीवर ठेवून पडा. ते पाणी झोपेआधी निघून जातं. रात्रीचा एखादा फेरा वाचवायला गोळीपेक्षा हे जास्त उपयोगी पडलेलं दिसतं.

बसून, दोनदा. घाई न करता बसून लघवी करा. झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, थोडं पुढे झुका, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावायचा नाही.

नंतरचे थेंब. पॅन्ट चढवल्यावर थेंब गळतात ही तक्रार प्रोस्टेटची नसते. वळणात थोडी लघवी अडकलेली असते. वृषणांच्या मागे बोटांनी हलका दाब देत पुढच्या दिशेने सरकवा आणि मग झटका. शिकायला एक दिवस पुरतो, आणि निम्म्या लोकांची लाज यानेच जाते.

बद्धकोष्ठ. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. इसबगोल, भाज्या, चालणं, जे लागू पडेल ते.

घाई जास्त असेल आणि शिल्लक कमी असेल तर थोपवायचा सराव करा. घाई आली की जागीच उभं राहून ओटीपोटाच्या तळाचे, लघवी रोखणारे स्नायू आवळा, पाच मिनिटं काढा, पुढच्या आठवड्यात दहा. शिल्लक जास्त असलेल्यांनी हा सराव करायचा नाही.

गोखरू, भोपळ्याच्या बिया वगैरेंबद्दल विचारलं जातंच. घ्यायचंच असेल तर टप्पा ४ पूर्ण झाल्यावर, आणि डॉक्टरांना सांगून. तपासणीऐवजी काढा, हा सौदा महागात पडतो.

## टप्पा ७ : गोळ्या

दोन मुख्य गट आहेत आणि त्यांची घड्याळं वेगळी आहेत.

पहिला गट टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिनचा. हे स्नायू सैल करतात, प्रोस्टेट लहान करत नाहीत. काही दिवसांत फरक जाणवतो. पहिल्या आठवड्यात उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा. वीर्य कमी किंवा न येणं हा ज्ञात परिणाम आहे, पुरुषत्व गेलं असं नाही. सिल्डेनाफिलसारखी लिंगाच्या ताठरतेची गोळी घेत असाल तर लपवू नका, दोन्ही मिळून रक्तदाब उतरू शकतो. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे औषध आधी सांगाच. याने बाहुलीचा पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो, पूर्वी घेऊन सोडलं असेल तरीही.

दुसरा गट फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइडचा. मोठ्या प्रोस्टेटला हळूहळू लहान करतो, पूर्ण परिणामाला सहा महिने लागतात. ‘महिनाभर खाल्ली, काही नाही’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ. कामेच्छा मंदावू शकते. फुटलेली गोळी किंवा गळकी कॅप्सूल घरातल्या गरोदर स्त्रीने हाताळू नये.

> चूक : लघवी सुधारली म्हणून गोळी स्वतः बंद करणं आणि दोन महिन्यांनी तुंबल्यावर रात्री दोन वाजता धावाधाव.

## टप्पा ८ : ऑपरेशनची वेळ कधी

लघवी वारंवार तुंबणं, पुन्हा पुन्हा संसर्ग, मूत्राशयात खडे, प्रोस्टेटमधून सतत रक्त, किडन्यांना सूज, किंवा औषधं पुरेशा काळ घेऊनही टप्पा २ चे गुण हलत नसणं. ही कारणं खरी, नुसता आकार नव्हे.

टीयूआरपी म्हणजे दुर्बिणीतून वाट अडवणारा भाग खरवडून काढणं. लेसरने होणारी होलेप पद्धत मोठ्या प्रोस्टेटलाही चालते. विचारून घ्यायचे प्रश्न : ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा दुसरं रक्त पातळ करणारं औषध कधी थांबवायचं आणि ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारलंय का, नळी किती दिवस राहील, काढलेला भाग तपासायला पाठवणार का. वीर्य मूत्राशयात मागे जाणं जवळपास ठरलेलं असतं, हे नवरा-बायको दोघांना आधी माहीत हवं. नंतरचे काही आठवडे बादली, सिलिंडर, नातवंडं, काहीही उचलायचं नाही. मोटारसायकल नाही, कुंथणं नाही. दोन-तीन आठवड्यांनी खपली सुटून अचानक लघवी लालसर होऊ शकते. पाणी वाढवा, आराम करा. गुठळ्या येऊ लागल्या किंवा धार बंद झाली तर परत रुग्णालय.

या ऑपरेशनात प्रोस्टेट पूर्ण काढलेली नसते. बाहेरचं आवरण आत राहतं आणि कर्करोग बहुधा त्याच भागात होतो. ‘प्रोस्टेट काढलीय’ म्हणून पुढचं पीएसए टाळू नका. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स त्याच वहीत चिकटवा, आणि तीन महिन्यांनी सात प्रश्न पुन्हा भरून डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.